कॉलेज बदलताना तुमचं राज्य कोणतं? अमेरिकेतल्या इन-स्टेट फीचं गणित

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या वर्षाच्या फीमध्ये तीस-चाळीस हजार डॉलरचं अंतर असू शकतं. प्राध्यापक तेच, प्रयोगशाळा तीच, शेवटी हातात पडणारी डिग्रीही तीच. फरक इतकाच की एक जण त्या राज्याचा रहिवासी मानला गेलेला असतो आणि दुसरा नसतो. मिशिगन विद्यापीठात बाहेरच्या राज्यातल्या मुलाची ट्यूशन स्थानिक मुलाच्या तिपटीहून अधिक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो वगैरे कॅम्पसवर बाहेरच्यांना नेहमीच्या फीवर वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त रक्कम वेगळी भरावी लागते. यामागचं कारण साधं आहे. ही विद्यापीठं राज्याच्या करातून पैसे घेतात, म्हणून तिथे कर भरणाऱ्या घरांतल्या मुलांना सवलत मिळते. ही सवलतीची फी म्हणजे 'इन-स्टेट', आणि बाहेरच्यांची 'आउट-ऑफ-स्टेट'. खासगी विद्यापीठांत हा भेद नसतो. स्टॅनफर्ड किंवा न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला तुम्ही कोणत्या राज्यातून आलात याच्याशी फीपुरतं काही देणंघेणं नाही.

बारावीनंतर थेट प्रवेश घेणाऱ्या मुलाचं प्रकरण सहसा सरळ असतं. शाळा त्याच राज्यात, आईवडील त्याच राज्यात, प्रश्न मिटला. खरी गुंतागुंत दोन वर्षांनी कॉलेज बदलणाऱ्या, म्हणजे 'ट्रान्सफर' घेणाऱ्या मुलाची. तोवर वडिलांची नोकरी दुसऱ्या राज्यात गेलेली असते, मुलगी तिसऱ्याच राज्यात शिकत असते, लायसन्सवर एक पत्ता आणि लीजवर, म्हणजे भाडेकरारावर दुसरा. त्यात घर एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावरचं असेल तर मुलांचा व्हिसा जिथे संपतो तो एकविसावा वाढदिवसही जवळ आलेला असतो. आणि नेमक्या याच वेळी घराघरांत एक समजूत ऐकू येते: "दोन वर्षं तिथे राहिली आहे ना, मग इन-स्टेट मिळेलच की." बहुतेक राज्यांत असं होत नाही. या एका समजुतीपायी कुटुंबांचे हजारो डॉलर जातात, म्हणून हा विषय तपशिलात सांगावासा वाटला.

दाखला नाही, प्रत्येक दारी नवा निवाडा

महाराष्ट्रात डोमिसाईलचा दाखला काढलेल्यांना वाटतं, इथेही तसंच काही असेल. तिकडे साधारण पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे द्यायचे, दाखला हाती आला की तो फाइलला लावून कुठल्याही कॉलेजात दाखवायचा. अमेरिकेत असा सर्वांना चालणारा दाखला कोणी देत नाही. राज्याचा कायदा चौकट आखून देतो, पण निर्णय तुमचं कॉलेज घेतं. रजिस्ट्रार किंवा अ‍ॅडमिशन्स ऑफिसमधला रेसिडेन्सी विभाग तुमची कागदपत्रं पाहतो आणि तुम्हाला एका खान्यात टाकतो. कॉलेज बदललं की हा निवाडा पुन्हा होऊ शकतो, अगदी राज्याच्या आतल्या आतसुद्धा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजने (पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण देणारं स्थानिक सरकारी कॉलेज) तुम्हाला रहिवासी धरलं म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाने धरलंच पाहिजे असं नाही. विद्यापीठ प्रवेशानंतर आपला वेगळा फॉर्म भरून घेतं आणि स्वतः ठरवतं.

फ्लोरिडाने या बाबतीत शहाणपणा दाखवला आहे. तिथे एका सरकारी संस्थेने रहिवासी ठरवलेला विद्यार्थी बारा महिन्यांच्या आत दुसऱ्या सरकारी संस्थेत गेला, तर विसंगत माहिती समोर आल्याशिवाय नव्या संस्थेला सगळं पुन्हा तपासावं लागत नाही. आधीच्या निर्णयाची नोंद ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावरच असते. हा बारा महिन्यांचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मध्ये दीड वर्ष शिक्षण थांबवून नोकरी केलेल्या मुलाला पुन्हा पहिल्या पायरीपासून पुरावे द्यावे लागू शकतात.

एका ट्रान्सफर विद्यार्थिनीचा खटला

या सगळ्या नियमांच्या मुळाशी गेलं की गाठ पडते ती एका ट्रान्सफर विद्यार्थिनीशीच. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या एका तरुणीचं कनेक्टिकटच्या मुलाशी लग्न ठरलं. तिने कनेक्टिकट विद्यापीठात ट्रान्सफरसाठी अर्ज केला, प्रवेश मिळाला, जूनमध्ये लग्न झालं आणि ती तिथे राहायला आली. कनेक्टिकटचं लायसन्स काढलं, गाडीची नोंदणी तिथे केली, मतदार यादीत नाव घातलं. तरीही विद्यापीठाने तिला बाहेरची ठरवलं. कारण राज्याचा कायदाच तसा होता: अर्ज करताना पत्ता बाहेरचा असेल, तर शिक्षण संपेपर्यंत तुम्ही बाहेरचेच. पुरावा द्यायची सोयच नव्हती.

'व्लांडिस विरुद्ध क्लाइन' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७३ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपण खरोखर इथले झालो आहोत हे सिद्ध करण्याची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. आज कॉलेजांत 'रीक्लासिफिकेशन'चा, म्हणजे आपली वर्गवारी बदलून घेण्याचा अर्ज करता येतो, त्यामागे हा निकाल आहे. पण त्याच निकालाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. राज्याने वाजवी मुदतीची, म्हणजे साधारण वर्षभराच्या वास्तव्याची अट घालायला न्यायालयाने हरकत घेतली नाही. मिनेसोटाचा वर्षभराचा नियम त्याआधी दोनच वर्षांपूर्वी टिकला होता. म्हणून आज बहुतेक राज्यांत बारा महिन्यांची अट दिसते.

बारा महिने कशाचे?

नुसतं राहिल्याचे बारा महिने पुरत नाहीत. कॉलेज तीन गोष्टी बघतं: तुम्ही प्रत्यक्ष तिथे राहत होता का, कायमचं राहायच्या इराद्याने राहत होता का, आणि तुमचा खर्च कोण करतं. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. पदवीच्या वयाचा अविवाहित मुलगा आईवडिलांवर अवलंबून असेल, तर बहुतेक राज्यं त्याचं राज्य म्हणजे आईवडिलांचं राज्य असं धरतात. व्हर्जिनियात चोवीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याबद्दल कायद्याचं गृहीतकच तसं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातही चोवीसच्या आतल्या, अविवाहित आणि आईवडील बाहेरच्या राज्यात असलेल्या पदवी विद्यार्थ्याला आपण आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहोत हे दाखवावं लागतं. टॅक्स रिटर्नवर वडिलांनी मुलाला डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून दाखवलं असेल, फी त्यांच्या खात्यातून जात असेल, तर मुलगा तिथे तीन वर्षं राहिला काय आणि चार वर्षं राहिला काय, तो बाहेरचाच राहतो.

त्यात आणखी एक आडकाठी आहे. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून आलेला माणूस शिकायलाच आला आहे, असं बरीच राज्यं गृहीत धरतात. ते खोडून काढायला नुसतं लायसन्स पुरत नाही. नोकरी, स्वतःच्या उत्पन्नावर चाललेला संसार, सुट्टीतही तिथेच राहणं, असं बरंच काही दाखवावं लागतं. वीस वर्षांच्या मुलाला हे प्रामाणिकपणे दाखवता येणं दुर्मीळ. "मुलाला टॅक्सवर दाखवू नका, झालं काम" असा सल्ला ऐकला तर सावध राहा. कागदावर मुलगा स्वतंत्र आणि बँक स्टेटमेंटवर दर महिन्याला वडिलांचे पैसे, हे तपासणाऱ्याला दिसतंच. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर फीचा फरक मागाहून वसूल होतो आणि वर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

घर हललं, मुलगा मागे राहिला

मराठी घरांत सर्वाधिक वेळा येणारा प्रसंग घेऊ. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक कुटुंब आहे. मुलगा तिथल्या रटगर्स या सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, इन-स्टेट फीवर. ऑक्टोबरमध्ये वडिलांना टेक्ससमध्ये डॅलसजवळ नवी नोकरी मिळते आणि घर तिथल्याच फ्रिस्कोला हलतं. मुलगा ते वर्ष न्यू जर्सीत पूर्ण करतो आणि पुढच्या ऑगस्टपासून यूटी डॅलसला, म्हणजे टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस कॅम्पसला ट्रान्सफर घ्यायचं ठरतं. घरचे म्हणतात, आपण आता टेक्ससचे, तर इन-स्टेट मिळेल.

टेक्ससचा नियम आहे की सत्राच्या 'सेन्सस डेट'च्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते ती तारीख) आधी बारा महिने तिथे वास्तव्य आणि डोमिसाईल हवं; अवलंबून असलेल्या मुलासाठी ते आईवडिलांचं धरतात. फॉलची, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची ही तारीख वर्ग सुरू झाल्यावर बाराव्या दिवशी, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला येते. ऑक्टोबरमध्ये आलेल्या घराचे तोवर जेमतेम अकरा महिने होतात. फॉलचं बिल आउट-ऑफ-स्टेटच येणार. जानेवारीच्या सत्राला मात्र बारा महिने पूर्ण झालेले असतील. तेव्हा स्वतः अर्ज करून वर्गवारी बदलून घ्यावी लागेल. ती आपोआप बदलत नाही.

मग करायचं काय? एक पर्याय म्हणजे मुलाने फॉलचं सत्रही रटगर्सला काढायचं. घर बाहेर गेलं तरी आधीपासून सलग शिकत असलेल्या मुलाची इन-स्टेट फी चालू ठेवण्याची तरतूद बऱ्याच राज्यांत असते. पण ती तरतूद आपल्या कॉलेजात नेमकी काय आहे हे रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या, गृहीत धरू नका. दुसरा पर्याय, ते सत्र घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात थोडी क्रेडिट्स करायची. तिथेही सुरुवातीला जास्त दर लागेल, पण विद्यापीठाच्या तुलनेत ही रक्कम लहान असते. तिसरा पर्याय बऱ्याच पालकांना माहीतच नसतो: टेक्ससमधल्या सरकारी विद्यापीठाने किमान एक हजार डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप दिली, तर त्या विद्यार्थ्याला बाहेरच्या फीतून सूट देता येते. जागा मर्यादित असतात आणि सगळ्या स्कॉलरशिप यात बसत नाहीत. पण ट्रान्सफरच्या अर्जासोबतच स्कॉलरशिपचा अर्ज वेळेत भरणं या एका कारणासाठीसुद्धा करावंच.

या उदाहरणात एक महिन्याने सगळं फिरलं. म्हणून नोकरी बदलताना घरात कॉलेजला जाणारं मूल असेल, तर लीज कधीपासून सुरू होते आणि पहिला पगार कोणत्या तारखेचा, हे कॅलेंडरवर मांडून बघा. न्यू जर्सी सोडताना त्या वर्षाचं अर्धवट वर्षाच्या रहिवाशाचं टॅक्स रिटर्न भरावं लागतं. त्यातली राज्य सोडल्याची तारीख आणि टेक्ससच्या कॉलेजला सांगितलेली तारीख जुळली पाहिजे. टेक्ससला राज्याचा इन्कम टॅक्सच नसल्यामुळे तिथला तसा कागद मिळत नाही, आणि लीज, पगाराच्या स्लिपा, लायसन्स यांच्यावर भार जास्त पडतो.

कम्युनिटी कॉलेजचा रस्ता, आणि काउंटीची मेख

दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग सरकारी विद्यापीठात तिसरं वर्ष, हा रस्ता आपल्याकडे अजून कमीपणाचा मानला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॅलिफोर्नियात रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजचं एक युनिट ४६ डॉलरना पडतं. साठ युनिटांचे २,७६० डॉलर झाले, म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण. तिथून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पससाठी ठरावीक गुण आणि विषय पूर्ण केले तर ट्रान्सफरची हमी मिळवता येते. फ्लोरिडात असोसिएट इन आर्ट्स ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची डिग्री पूर्ण केलेल्याला राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेत प्रवेशाची हमी आहे, अर्थात हव्या त्याच विद्यापीठात नव्हे. न्यू जर्सीत राज्यव्यापी करारामुळे असोसिएट डिग्री घेऊन गेलेल्याचं पहिल्या दोन वर्षांचं काम सरकारी विद्यापीठं मान्य करतात. टेक्ससमध्ये ४२ क्रेडिट तासांचा कोअर, म्हणजे सर्वांना सक्तीचा पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण केला की तो अख्खाच्या अख्खा दुसऱ्या सरकारी कॉलेजात स्वीकारला जातो.

हे सगळे करार राज्याच्या सीमेपर्यंतच चालतात. न्यू जर्सीची असोसिएट डिग्री घेऊन टेक्ससला गेलात की प्रत्येक विषय वेगळा तपासला जातो, काही क्रेडिट्स फक्त 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून जमा होतात आणि मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला लागू पडत नाहीत. म्हणजे फी जास्त आणि वर एखादं सत्रही जादा. राज्य बदलून ट्रान्सफर घेणाऱ्याने फीच्या दराइतकंच याकडे पाहावं, कारण जादा सत्राची फीही वाढीव दरानेच भरायची असते.

कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या खाली आणखी एक पातळी असते, ती म्हणजे काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट. टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्टमधले, डिस्ट्रिक्टबाहेरचे आणि राज्याबाहेरचे असे वेगवेगळे दर असतात. न्यूयॉर्कमध्ये कम्युनिटी कॉलेजसाठी आपल्या काउंटीकडून रहिवासाचं प्रमाणपत्र आणावं लागतं. त्यासाठी राज्यात एक वर्ष आणि काउंटीत सहा महिने राहिलेलं असावं लागतं. ते वेळेत दिलं नाही तर राज्यातल्याच मुलाला जास्त दराचं बिल येतं. उन्हाळ्यात घरी येऊन शेजारच्या काउंटीच्या कॉलेजात दोन विषय उरकणाऱ्या मुलांना ही मेख हमखास नडते.

एच-४ वरची मुलं

आता सगळ्यात नाजूक भाग. एच-वन बीवर असलेल्या आईवडिलांची एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरची मुलं 'परदेशी विद्यार्थी' म्हणून बाहेरच्या फीत ढकलली जातात का? बहुतेक ठिकाणी तसं व्हायला नको, आणि याचं कारण मेरिलँडमध्ये घडलेला दुसरा खटला आहे. वॉशिंग्टनच्या आसपास जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांची मुलं जी-४ व्हिसावर वाढत होती. मेरिलँड विद्यापीठ त्यांना व्हिसाच्या कारणावरून इन-स्टेट फी नाकारत होतं. प्रकरण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथून राज्याच्या न्यायालयाकडे विचारणा झाली आणि शेवटी १९८२ मध्ये 'टोल विरुद्ध मोरेनो' या निकालात न्यायालयाने विद्यापीठाचं धोरण फेटाळलं. संघराज्याचा इमिग्रेशन कायदा ज्यांना इथे कायमचं घर करायला मनाई करत नाही, त्यांच्यावर राज्याचं विद्यापीठ असा जादा बोजा टाकू शकत नाही, हा त्यातला मुद्दा.

एच-वन बी आणि एल (कंपनीअंतर्गत बदलीचा) व्हिसावर येणाऱ्याने परत जायचा इरादा दाखवावा लागत नाही. म्हणून त्यांच्या कुटुंबाला राज्यात डोमिसाईल करता येतं आणि टेक्सस, कॅलिफोर्नियासारखी राज्यं एच-४ च्या मुलांना नेहमीच्या नियमाने रहिवासी धरतात. कॉलेजच्या पोर्टलने 'व्हिसा आहे' एवढ्यावरून 'इंटरनॅशनल'चा शिक्का मारला असेल तर तिथेच थांबू नका. रेसिडेन्सी विभागाला लेखी कळवा, वडिलांचा आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीची नोटीस) आणि मुलाचा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) जोडा. या मुलांना पेल ग्रांट हे संघराज्याचं अनुदान किंवा संघराज्याची शैक्षणिक कर्जं मिळत नाहीत, त्यामुळे इन-स्टेट फी हाच त्यांचा एकमेव मोठा आधार असतो.

तोच आधार एकविसाव्या वर्षी डळमळतो. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की मुलगा एकविसाचा होतो, एच-४ संपतो आणि त्याला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. एफ-१ च्या अटीतच परदेशात घर असणं आणि तिकडे परतण्याचा इरादा बसतो, म्हणून बहुतेक राज्यांत एफ-१ वर नव्याने डोमिसाईल करता येत नाही. काही राज्यांत तिथल्या हायस्कूलमध्ये ठरावीक वर्षं शिकलेल्यांना वेगळी वाट आहे, पण ती व्हिसावरच्या मुलांना लागू पडेलच असं नाही. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या एबी ५४० कायद्यातून तात्पुरत्या व्हिसावरचे बहुतेक विद्यार्थी वगळलेले आहेत. शिवाय ही जमीन सध्या हलती आहे. टेक्ससचा २००१ चा कायदा कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांपुरता जून २०२५ मध्ये न्यायालयात संपला, आणि फ्लोरिडानेही त्याच वर्षी आपली तशी सूट रद्द केली. हे बदल एच-४ वरच्या मुलांसाठी नव्हते, तरी पोर्टलवरचे प्रश्न आणि मागितले जाणारे कागद त्यामुळे वाढू शकतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एच-४ वरच्या मुलाने वीस-एकविसाव्या वर्षी राज्य बदलून ट्रान्सफर घेण्याआधी घरात दोनदा विचार व्हावा. जुन्या कॉलेजात मिळालेली वर्गवारी काही ठिकाणी सलग शिक्षणामुळे टिकून राहते. नव्या कॉलेजात मात्र एफ-१ वर पहिल्यापासून सुरुवात होते. एकविसावा वाढदिवस, व्हिसा बदलाचा अर्ज आणि कॉलेजची ठरावीक तारीख या तिन्हींवर इमिग्रेशन वकिलाशी आणि कॉलेजशी वेगवेगळं बोला. एकाला दुसऱ्याचे नियम माहीत नसतात.

शेजारच्या राज्यांच्या सवलती

पश्चिमेकडच्या राज्यांत 'वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज' आहे, त्यात इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट फी लागते. मध्य-पश्चिमेतही तशीच योजना आहे. न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांत आणि दक्षिणेत, आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम दुसऱ्या राज्यात सवलतीत करता येतो. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांचा आपसातला करार तर जुनाच आहे. ट्रान्सफरवाल्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: ही सवलत ट्रान्सफर विद्यार्थ्यांना देता का, आणि कोणत्या मेजरना देत नाही. कॉम्प्युटर सायन्स आणि नर्सिंग पुष्कळ ठिकाणी बाहेर ठेवलेले असतात. आणि सवलतीत काढलेला काळ बहुधा रहिवासाच्या बारा महिन्यांत धरला जात नाही.

कागद, आणि एक धोक्याचा कागद

पुराव्यात लीज किंवा घराची कागदपत्रं, पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, लायसन्स, गाडीची नोंदणी हे चालतं. फ्लोरिडात किमान दोन कागद लागतात आणि त्यातला एक पहिल्या यादीतलाच असावा लागतो. सगळे कागद बारा महिन्यांच्या सुरुवातीच्या तारखेचे हवेत. अर्जाच्या आठवड्यात काढलेलं लायसन्स काही सिद्ध करत नाही.

जवळपास प्रत्येक यादीत 'मतदार नोंदणी' हाही एक पुरावा असतो. एच-४, एफ-१, किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलाने याच्या वाटेला अजिबात जाऊ नये. लायसन्स काढताना खिडकीवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत 'हो'वर टिक होते. आपण नागरिक आहोत असं खोटं सांगितल्याचा ठपका बसला तर ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. फीच्या सवलतीसाठी मुलगा एकटा डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या सरकारी ऑफिसात जाणार असेल, तर हे त्याला आदल्या रात्री नीट समजावून सांगा.

वर्गवारी चुकीची आली तर अपील करता येतं. त्याची मुदत छोटी असते, अनेकदा सत्र सुरू होण्याच्या आसपासच संपते, आणि मागच्या सत्राचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. अपिलात गुण, हलाखी, मेहनत यांबद्दल लिहून उपयोग होत नाही. कोणत्या तारखेपासून, कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या उत्पन्नावर, हे तारखांच्या क्रमाने मांडा आणि प्रत्येक तारखेपुढे एक कागद लावा. फोनवर मिळालेलं उत्तर त्याच दिवशी ईमेलने कळवून लेखी होकार घ्या. आणि प्रवेश पक्का करण्यासाठी डिपॉझिट भरण्याची तारीख वर्गवारीच्या निर्णयाआधी येत असेल, तर डिपॉझिट परत मिळतं का, हे भरण्याआधी विचारा.